यूएसबी हेडफोन ध्वनिरूपांतरक : रचना, दोषनिदान आणि दुरुस्ती

सारांश

भ्रमणध्वनी किंवा संगणकाला जोडून हेडफोनद्वारे ध्वनी ऐकण्यासाठी वापरले जाणारे लहान यूएसबी ध्वनिरूपांतरक आज अध्यापक व विद्यार्थी यांच्या नित्य वापरात आले आहे. आकाराने बोटाएवढे असलेले हे उपकरण बंद पडले की ते टाकून देण्याकडेच सर्वसाधारण कल दिसतो. प्रस्तुत लेखात या उपकरणाचे कार्यतत्त्व व अंतर्गत रचना स्पष्ट करून, त्यात बिघाड कोठे व का होतो, त्याचे निदान कोणत्या क्रमाने करावे, आवरण कसे उघडावे आणि दुरुस्ती कितपत शक्य आहे याचे विवेचन केले आहे. उपकरणातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग बहुधा शाबूत असतो, आणि एखादा सांधा तुटल्यामुळे संपूर्ण उपकरण निकामी ठरविले जाते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजशब्द : ध्वनिरूपांतरक, यूएसबी, अंकीय ध्वनी, दोषनिदान, डाखकाम, ई-कचरा, दुरुस्तीचा हक्क.

१. प्रस्तावना

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन ७ बाजारात आणला. या भ्रमणध्वनीत ३.५ मिलिमीटर व्यासाचे हेडफोनचे सॉकेट नव्हते. त्यानंतर इतर अनेक उत्पादकांनीही हे सॉकेट वगळले. परिणामी, घरात चांगल्या स्थितीत असलेला तारेचा हेडफोन वापरण्यासाठी मध्ये एक लहान जोडउपकरण आवश्यक झाले. २०२० मध्ये कोरोना महामारीमुळे अध्यापन ऑनलाइन सुरू झाले, तेव्हा स्पष्ट ऐकू येण्याची गरज केवळ संगीतप्रेमींपुरती मर्यादित राहिली नाही. व्याख्यान, मौखिक परीक्षा, भाषा प्रयोगशाळेतील उच्चारांचा सराव आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून केले जाणारे लेखन या सर्वांसाठी हेडफोन हे शैक्षणिक साधन ठरले.

अशा परिस्थितीत हे जोडउपकरण नेमके काय करते आणि बिघडल्यास त्याचे काय करावे, हे प्रश्न केवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासकाचे राहत नाहीत. या लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) ध्वनिरूपांतरकाचे कार्यतत्त्व विविध विद्याशाखांच्या वाचकांना समजेल असे मांडणे.
२) बिघाडांची वर्गवारी करून निदानाचा क्रम सांगणे.
३) आवरण उघडण्याच्या व दुरुस्तीच्या पद्धतींचे वर्णन करणे.
४) या दुरुस्तीचे शैक्षणिक व पर्यावरणीय महत्त्व स्पष्ट करणे.

२. कार्यतत्त्व

भ्रमणध्वनीत किंवा संगणकात ध्वनी अंकांच्या रूपाने साठविलेला असतो. मानवी कानाला मात्र हवेतील दाबाचे अखंड चढउतारच जाणवतात. म्हणून अंकांच्या मालिकेचे सतत बदलणाऱ्या विद्युत् दाबात रूपांतर करावे लागते. हे कार्य करणाऱ्या घटकास रूपांतरक म्हणतात.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ अंकस्थानांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीने व्यक्त केलेले असते. डाव्या व उजव्या अशा दोन वाहिन्या धरल्यास सेकंदाला १४,११,२०० द्विमान अंक वाहून न्यावे लागतात. यूएसबीच्या सेकंदाला १ कोटी २० लाख अंक वाहून नेणाऱ्या जुन्या गतीतही हे काम सहज होते. ही माहिती दर मिलिसेकंदाला एक याप्रमाणे गठ्ठ्यांनी पाठविली जाते. ४४,१०० ला १००० ने भागल्यास ४४.१ येतात आणि मोजमापाचा दशांश भाग पाठविता येत नाही. म्हणून सामान्यतः नऊ गठ्ठ्यांत प्रत्येकी ४४ व दहाव्या गठ्ठ्यात ४५ मोजमापे पाठविली जातात. एखादा गठ्ठा हरवला तर तो पुन्हा मागविला जात नाही, कारण ध्वनीला थांबता येत नाही. सैल जोडणीमुळे आवाजात 'टक् टक्' असा खंड पडतो, त्याचे कारण यातच आहे.

३. अंतर्गत रचना

उपकरणाच्या आवरणात मुद्रित मंडलाची एक लहान पट्टी असते. तिच्यावर पुढील भाग आढळतात :

(अ) यूएसबी जोडणी : यातून ५ व्होल्ट विद्युत् दाब व माहिती या दोन्ही गोष्टी येतात. जुन्या उपकरणांत मायक्रो-यूएसबी आणि २०१४ मध्ये प्रमाणित झाल्यानंतरच्या उपकरणांत टाइप-सी जोडणी आढळते. माहिती वाहणाऱ्या दोन तारांना डी प्लस व डी मायनस अशी नावे आहेत.

(आ) दाब नियामक : ५ व्होल्टचे सामान्यतः ३.३ व्होल्ट किंवा त्याहून कमी अशा स्थिर दाबात रूपांतर करतो.

(इ) स्फटिक आंदोलक : क्वार्ट्झचा स्फटिक ठरावीक वारंवारतेने कंप पावतो व सर्व मंडलाला ताल पुरवितो.

(ई) रूपांतरक चिप : हा उपकरणाचा गाभा होय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची पीसीएम २७०४ ही चिप याचे सुबोध उदाहरण आहे. यूएसबीवरून माहिती स्वीकारणे, १६ अंकस्थानी रूपांतर करणे आणि हेडफोनला ध्वनी पुरविणे ही तिन्ही कार्ये ती एकटीच करते. तिला १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक लागतो. अधिक महाग उपकरणांत ही कार्ये स्वतंत्र चिपमध्ये विभागलेली असतात.

(उ) विवर्धक व ३.५ मिलिमीटरचे सॉकेट : येथून ध्वनी हेडफोनकडे जातो.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. टाइप-सीपासून ३.५ मिलिमीटरपर्यंतची सर्व जोडउपकरणे रूपांतरक नसतात. काहींमध्ये केवळ तारा असतात आणि ध्वनीचे रूपांतर भ्रमणध्वनीतच व्हावे लागते. ज्या भ्रमणध्वनीत तशी सोय नाही, त्याला असे जोडउपकरण लावल्यास आवाज येत नाही. तो बिघाड नव्हे, निवडीतील चूक होय.

४. बिघाडाची स्थाने व कारणे

चिपमध्ये हलणारा भाग नसतो. तिच्यावर हाताचा दाब पडत नाही आणि या उपकरणात ती फारशी तापतही नाही. याउलट पिन, सॉकेट व केबल यांवर रोज यांत्रिक ताण पडतो. मायक्रो-यूएसबी व टाइप-सी या जोडण्यांचे आयुष्य १०,००० वेळा घालण्या-काढण्याइतके गृहीत धरलेले असते. परंतु ही संख्या पिन सरळ घालण्या-काढण्याची आहे. उपकरण खिशात असताना केबलला बसणारा आडवा हिसका तीत मोजलेला नाही. बाहेर आलेली पिन ही तरफेसारखी कार्य करते. टोकाशी लावलेले अल्प बल मुळाशी असलेल्या सांध्यावर कितीतरी पटींनी वाढून येते. सांधा मात्र मिलिमीटरच्या अंशाएवढ्या कथिलाच्या थराने धरलेला असतो. तो प्रथम तडकतो, नंतर सुटतो आणि कधी कधी पट्टीवरील तांब्याचा पातळ पत्राही सोबत उचलून नेतो.

दुसरे कारण हवामानाचे आहे. कोकणपट्टी व गोवा येथील दमट, खारट हवेत धातूचे स्पर्शक लवकर काळवंडतात. घाम व खिशातील धूळ यांचाही असाच परिणाम होतो. तिसरे कारण विद्युत् स्वरूपाचे आहे. कोरड्या हवेत अंगावर साचलेला स्थितिक विद्युत्‌भार पिनेतून उपकरणात उतरल्यास संरक्षक डायोड किंवा क्वचित चिप निकामी होऊ शकते.

५. उघडण्यापूर्वीचे निदान

निदान बाहेरून आत या क्रमाने करावे. आवरण उघडताना काही प्रमाणात हानी होतेच. म्हणून न उघडता मिळू शकणारी सर्व माहिती आधी मिळवावी.

१) दुसरा हेडफोन, दुसरी केबल व दुसरा संगणक वापरून पाहावा. काही केबल केवळ विद्युत्‌भारणासाठी असतात आणि त्यांत माहितीच्या तारा नसतात, हे विसरू नये.

२) भ्रमणध्वनीच्या सॉकेटमध्ये कापसाचे तंतू साचले असल्यास पिन पूर्ण आत बसत नाही. यंत्र बंद करून लाकडी दातकोरणीने ते हलकेच काढावेत. धातूची टाचणी वापरू नये.

३) संगणकाच्या उपकरण-यादीत रूपांतरकाचे नाव दिसते का, हे पाहावे. नाव दिसत असूनही आवाज येत नसेल, तर दोष हेडफोनच्या बाजूला किंवा संगणकाच्या मांडणीत आहे. नाव दिसत नसेल, परंतु दिवा लागत असेल, तर माहितीच्या तारा, स्फटिक किंवा चिप यांचा विचार करावा. दिवाही लागत नसेल, तर ५ व्होल्ट आत पोहोचत नाहीत असे समजावे.

४) टाइप-सी पिन एका बाजूने घातल्यास चालते व उलटी घातल्यास चालत नाही, असे असेल तर सॉकेटच्या एका बाजूच्या स्पर्शकांत दोष आहे. तोच रूपांतरक दुसऱ्या यंत्रावर दोन्ही बाजूंनी चालला, तर दोष पहिल्या यंत्राचा होय.

५) जुन्या चौकोनी यूएसबी पिनेच्या केबलने उपकरण चालते, परंतु दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चालत नाही, असेही आढळते. टाइप-सी पुरवठादार यंत्र समोर ५.१ किलोओहमचा ओळखदर्शक रोध असल्याखेरीज विद्युत् दाब देत नाही. हा रोध मूळ रचनेत वगळला असेल किंवा त्याचा सांधा सुटला असेल, तर असे घडते.

६) आवाजाच्या स्वरूपावरूनही निदान होते. एकाच कानात आवाज येत असेल, तर एका वाहिनीची जोडणी तुटली आहे. वाद्ये पोकळ ऐकू येतात व गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, ही तक्रार अधिक बोधप्रद आहे. हेडफोनच्या दोन्ही बाजूंची परतीची वाट एकच असते. ती तुटली की दोन्ही बाजू एकामागोमाग जोडल्या जातात व त्यांतून केवळ डाव्या-उजव्या वाहिन्यांतील फरक वाहतो. द्विवाहिनी ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज सहसा दोन्ही वाहिन्यांत सारखा ठेवलेला असतो. त्यामुळे वजाबाकीत तोच प्रथम नष्ट होतो. अशा वेळी चिप निर्दोष असून सॉकेटचा सामायिक स्पर्शक तेवढा तपासावा.

७) आवाज लहान येणे हा नेहमीच दोष नसतो. १ व्होल्ट दाब ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती देतो, तर ३०० ओहमच्या हेडफोनला केवळ ३.३ मिलिवॉट. अधिक रोधाच्या हेडफोनला लहान रूपांतरक पुरा पडत नाही.

६. आवरण उघडणे

प्रथम उपकरण यंत्रापासून पूर्णपणे सोडवावे. ज्या उपकरणांत लिथियम घट असतो, त्यांत धातूची टोकदार वस्तू खुपसणे धोक्याचे आहे. घट फुगलेला असल्यास उघडण्याचा प्रयत्नच करू नये.

आवरणाचे तीन प्रकार आढळतात. ॲल्युमिनियमच्या नळीसारख्या आवरणाच्या टोकांना सूक्ष्म स्क्रू असतात. कधी ते रबरी पायाखाली किंवा लेबलाखाली झाकलेले असतात. लेबलावरून बोट फिरविल्यास खळगा जाणवतो. स्क्रू काढल्यावर पट्टी नळीतील खाचेतून सरकवून बाहेर घ्यावी. दुसऱ्या प्रकारात प्लॅस्टिकचे दोन भाग खिट्ट्यांनी किंवा गोंदाने जोडलेले असतात. केस वाळविण्याच्या यंत्राने सांध्यावर ऊब दिल्यास बहुतेक गोंद मऊ पडतात. नंतर गिटार वाजविण्याच्या नखीसारखी पातळ प्लॅस्टिकची चकती फटीत घालून ती सभोवार हळूहळू फिरवावी. जोर एकाच ठिकाणी लावल्यास खिट्टी तुटते. तिसऱ्या प्रकारात पट्टीभोवती प्लॅस्टिक किंवा रबर ओतलेले असते. केबलयुक्त स्वस्त जोडउपकरणे बहुधा याच प्रकारची असतात. ती कापूनच उघडावी लागतात व दुरुस्तीनंतर उष्णतेने आक्रसणाऱ्या नळीचे नवे आवरण चढवावे लागते.

उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू क्रमवार ठेवावेत. पट्टी कडेनेच धरावी. शक्य असल्यास १ मेगाओहमचा रोध असलेला स्थितिक-विद्युत्‌रोधी मनगटपट्टा वापरावा.

७. अंतर्गत तपासणी व दुरुस्ती

पाहणीसाठी भिंग व तिरकस प्रकाश पुरेसा असतो. तडकलेल्या सांध्याभोवती बारीक काळसर वलय दिसते. चिमट्याने सॉकेट किंचित हलविल्यास सांधा हलताना दिसतो. यानंतर मल्टिमीटरने पिनेच्या प्रत्येक स्पर्शकापासून पट्टीपर्यंत वाहकता तपासावी. ५ व्होल्टची रेषा व भूरेषा यांमधील रोध शून्याच्या जवळ असेल, तर मंडल लघुपथित झाले आहे. अशा वेळी आधी धारित्रे व संरक्षक डायोड तपासावेत, कारण एका लहान घटकामुळे संपूर्ण उपकरण मृत भासू शकते.

सॉकेटचा सांधा पुन्हा जोडणे हे दुरुस्तीतील मुख्य काम होय. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशाच्या वापरावर निर्बंध घातले. तेव्हापासून बहुतेक उत्पादक शिसेविरहित कथिल वापरतात. ते सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागते. शिसेयुक्त ६३:३७ मिश्रण मात्र १८३ अंशांनाच वितळते. म्हणून जुन्या सांध्यावर फ्लक्स लावून थोडे शिसेयुक्त कथिल मिसळल्यास तो कमी उष्णतेत मोकळा होतो व पट्टीची हानी टळते. सोल्डरिंग आयर्नचे टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवून प्रत्येक स्पर्शकावर दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ टेकवू नये. प्रथम सॉकेटचे धातूचे पाय पक्के डाखावेत, कारण ताण त्यांनीच सोसावयाचा असतो. त्यानंतर सूक्ष्म स्पर्शक जोडावेत. दोन स्पर्शकांत पूल झाल्यास अतिरिक्त कथिल तांब्याच्या विणीच्या फितीने शोषून घ्यावे. तांब्याचा पत्रा उचलला गेला असेल, तर रेषेवरील रंगाचा थर खरवडून केसाएवढ्या बारीक तारेने नवी जोडणी करता येते. काम हवेशीर जागी करावे व नंतर हात धुवावेत.

काळवंडलेले स्पर्शक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यास बहुधा पूर्ववत होतात. ३.५ मिलिमीटरचे सॉकेट सैल झाले असल्यास त्याच मापाचे व त्याच पायांच्या मांडणीचे दुसरे बसवावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असे सुटे भाग शोधता येतात.

उपकरण उंचावरून पडल्यानंतर दिवा लागतो, पण संगणक ओळखत नाही, अशी स्थिती असेल तर क्वार्ट्झचा स्फटिक तडकल्याची शक्यता असते. त्याच वारंवारतेचा दुसरा स्फटिक बसविल्यास उपकरण पुन्हा सुरू होऊ शकते. काही उपकरणांत २२.५७९२ व २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन आंदोलक असतात. पहिला ४४,१०० च्या व दुसरा ४८,००० च्या पटीतील ध्वनीसाठी असून, दोन्ही संख्या त्या त्या दराच्या बरोबर ५१२ पट आहेत. त्यामुळे एका दराचे ध्वनिमुद्रण वाजते व दुसऱ्याचे वाजत नाही, असे आढळल्यास कोणता आंदोलक बंद आहे हे केवळ गुणाकाराने कळते.

८. दुरुस्तीनंतरची चाचणी

उपकरण लगेच महागड्या यंत्राला जोडू नये. प्रथम ५ व्होल्ट व भूरेषा यांमधील रोध पुन्हा मोजावा. नंतर साध्या विद्युत् पुरवठ्यावर जोडून घटक तापत नाहीत याची खात्री करावी. ध्वनी बंद असताना हेडफोनच्या सॉकेटवर एकदिश दाब मोजावा. तो लक्षणीय प्रमाणात जास्त असल्यास हेडफोनला इजा संभवते. त्यानंतर स्वस्त इअरफोन लावून दोन्ही वाहिन्या स्वतंत्रपणे ऐकाव्यात. शेवटी केबल हलकेच हलवून आवाज तुटत नाही, हे पाहिल्यावरच आवरण बंद करावे. ते गोंदाऐवजी स्क्रूने किंवा चिकटपट्टीने बंद केल्यास पुढील दुरुस्ती सोपी होते.

९. मर्यादा

प्रत्येक रूपांतरक दुरुस्त होतोच असे नाही. चिप जळाली असल्यास आणि तिच्यातील आज्ञावली उत्पादकाने स्वतंत्रपणे भरलेली असल्यास केवळ तीच चिप बसवून उपयोग होत नाही. हमीच्या मुदतीत उपकरण उघडल्यास हमी नाकारली जाऊ शकते. म्हणून त्या काळात विक्रेत्याकडे जाणेच योग्य. मंडलाची आकृती उपलब्ध नसणे ही आणखी एक अडचण आहे. मात्र अनेक चिपांची माहितीपत्रके उत्पादकांनी खुली ठेवली आहेत. चिपवरील क्रमांक वाचून कोणत्या पायावर कोणता दाब अपेक्षित आहे, हे त्यांतून समजते. काही उत्पादक मात्र चिपवरील क्रमांक खोडून टाकतात. तेथे दुरुस्तीची वाट तंत्रामुळे नव्हे, माहितीच्या अभावामुळे बंद होते.

१०. शैक्षणिक व पर्यावरणीय संदर्भ

भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. या नियमांचा भर टाकाऊ उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणावर आणि उत्पादकाच्या जबाबदारीवर आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक छापणे बंधनकारक झाले. या सर्व प्रयत्नांचा रोख एकच आहे. वस्तू कचरा होण्यापूर्वी ती उघडता आली पाहिजे.

पुनर्चक्रीकरणात चिपचे मूल्य तिच्यातील धातूच्या वजनाएवढेच उरते. तिच्या निर्मितीत गेलेले ज्ञान, ऊर्जा व श्रम परत मिळत नाहीत. दुरुस्तीत मात्र हे सर्व टिकून राहते. हा फरक विद्यार्थ्यांना व्याख्यानापेक्षा एका बंद पडलेल्या रूपांतरकावरून अधिक चांगला समजेल. ओहमचा नियम, तरफ, स्फटिकाचे कंपन, द्विमान अंक, धातूंचे द्रवणांक आणि ऑक्सिडीकरण हे पदवी वर्गातील विषय या एका पट्टीवर एकत्र येतात. महाविद्यालयाने भाषा प्रयोगशाळेतील निकामी ध्वनिउपकरणे भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे दिल्यास एकाच कृतीतून प्रात्यक्षिक व बचत दोन्ही साधतील. ज्या विद्यार्थ्याला नवे उपकरण विकत घेणे परवडत नाही, त्याच्यासाठी ही बचत म्हणजे तासिका ऐकू येणे किंवा न येणे यांतील अंतर असू शकते.

११. निष्कर्ष

१) यूएसबी ध्वनिरूपांतरकातील चिप सहसा सुरक्षित असते आणि बिघाड प्रामुख्याने पिन, सॉकेट व केबल या हाताळल्या जाणाऱ्या भागांत होतो.
२) लक्षणांचे बारकाईने निरीक्षण केल्यास आवरण उघडण्यापूर्वीच दोषाचे स्थान बरेचसे निश्चित करता येते.
३) सांधा डाखणे, स्पर्शक स्वच्छ करणे व सॉकेट बदलणे या तीन कौशल्यांवर बहुतेक यांत्रिक बिघाड दूर होऊ शकतात.
४) गोंदाने बंद केलेले आवरण, खोडलेले क्रमांक व अनुपलब्ध माहिती हे दुरुस्तीतील खरे अडथळे आहेत. त्यांचे निराकरण कारागिराच्या हाती नसून उत्पादकाच्या व धोरणकर्त्यांच्या हाती आहे.
५) महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून अशा दुरुस्तीला स्थान दिल्यास विज्ञानशिक्षण व साधनांची काटकसर यांची सांगड घालता येईल.